एक वॅट पुरे

परभणी, मानवत, सेलू, जिंतूर, गंगाखेड या गावांतील जुन्या पेढ्यांवर एके काळी तीन वस्तू हमखास आढळत : गादी, तिजोरी आणि भिंतीच्या फळीवर ठेवलेला रेडिओ. मर्फी, फिलिप्स, बुश ही त्या काळची प्रतिष्ठित नावे. रेडिओ बाळगण्यासाठी डाकघरात परवाना-शुल्क भरावे लागे आणि परवान्याचे ते पुस्तक दुकानाच्या महत्त्वाच्या कागदपत्रांबरोबर जपले जाई. बटण फिरविताच आवाज येत नसे. आतील काचेचे व्हॉल्व्ह तापेपर्यंत अर्धा-एक मिनिट वाट पाहावी लागे. मग हळूहळू बातम्या, बाजारभाव आणि गाणी उमटू लागत. पुढे आकाशवाणीचे परभणी केंद्र सुरू झाले आणि १३०५ किलोहर्ट्झवरून जिल्ह्याचा स्वतःचा आवाज जिल्ह्याला ऐकू येऊ लागला.

त्या पिढीतील ज्येष्ठ मंडळी आजही सांगतात की, त्या रेडिओचा आवाज गोड होता. नातवंडे हे बोलणे आठवणींच्या खाती टाकतात. त्यात तथ्य आहेच, कारण तरुणपणी ऐकलेला सूर पुढे गोडच वाटतो. मोठी लाकडी पेटी आणि रुंद कागदी पडद्याचा स्पीकर यांचाही त्या गोडव्यात वाटा होता. तथापि, आणखी एक कारण निव्वळ विद्युत्शास्त्रातले आहे. त्या घरगुती संचांत स्पीकरला आवाज पुरविणारा शेवटचा व्हॉल्व्ह बहुधा एकटाच असे आणि तो ज्या पद्धतीने काम करी, तिला ‘क्लास ए’ म्हणतात. त्याची शक्ती तीन-चार वॅटच असे, परंतु मंद आवाजातही सूर मोडत नसे.

हीच पद्धत आज थोड्याशा ट्रान्झिस्टरांच्या साहाय्याने घरी उभी करता येते. त्यासाठी अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. स्थिर हात, साधा मल्टिमीटर आणि नोंद ठेवण्याची सवय एवढे भांडवल पुरते. व्यापारी घरात यांतील शेवटची गोष्ट तरी विकत आणावी लागत नाही.

एक मुनीम आणि दोन मुनीम

मोबाइलमधून निघणारा ध्वनीचा संकेत फार दुर्बळ असतो. तो स्पीकरचा पडदा नीट हलवू शकत नाही. ॲम्प्लिफायर बॅटरीतून शक्ती घेतो आणि ती त्या दुर्बळ संकेताच्या आज्ञेप्रमाणे स्पीकरकडे सोडतो. संकेत सतत वरखाली होणाऱ्या लाटेसारखा असतो. लाटेचा वरचा भाग आणि खालचा भाग असे दोन्ही हुबेहूब मोठे झाले पाहिजेत, एवढीच अपेक्षा असते.

हे काम करण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. एखाद्या पेढीवर दोन मुनीम ठेवले आहेत अशी कल्पना करावी. एकाने फक्त जमा लिहावी, दुसऱ्याने फक्त नावे. ज्याची पाळी नाही त्याने विश्रांती घ्यावी. यात श्रम आणि पगार दोन्ही वाचतात. ही झाली ‘क्लास बी’ पद्धत : लाटेचा वरचा भाग एक ट्रान्झिस्टर पाहतो, खालचा भाग दुसरा. अडचण पाळी बदलण्याच्या क्षणी येते. सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर सुमारे ०.६ व्होल्ट मिळाल्याशिवाय जागा होत नाही. एक थांबला आणि दुसरा अजून जागा व्हायचा आहे, अशा त्या फटीत लाटेचा छोटासा तुकडा गळून पडतो.

आवाज मोठा असेल तर हा तुकडा लाटेच्या मानाने क्षुल्लक ठरतो आणि कानाला जाणवत नाही. लाखाच्या उलाढालीत चार आण्यांची चूक दिसत नाही, तसेच हे आहे. परंतु तंबोऱ्याची तार विरत जात असते, गायकाचा आवाज अखेरच्या श्वासाबरोबर बारीक होत असतो, तेव्हा लाटच चार आण्यांची उरलेली असते. त्यातून चार आणे गेले तर हाती काय राहणार? म्हणून या पद्धतीचा दोष नेमका मंद आणि नाजूक स्वरांत उघडा पडतो.

‘क्लास ए’ पद्धतीत मुनीम विश्रांती घेत नाही. दुकान उघडल्यापासून फळ्या लावेपर्यंत तो लेखणी घेऊन गादीवर बसलेला असतो, गिऱ्हाईक असो वा नसो. ट्रान्झिस्टरातून प्रवाह अखंड वाहत असतो. संकेत आला की तो प्रवाह कमी-अधिक होतो, मात्र कधीच पूर्ण थांबत नाही. पाळी बदलण्याचा क्षणच येत नसल्यामुळे तुकडा गळण्याचा प्रश्नही उद्भवत नाही. याची किंमत अर्थातच दिवसभराच्या पगाराची आहे.

बॅटरी वाचली, सूर दुखावला

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९४७ च्या डिसेंबरात जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखविला. विल्यम शॉकली यांच्यासह त्यांना १९५६ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या शोधाने रेडिओ विजेच्या तारेपासून मुक्त झाला आणि शेताच्या बांधावर पोहोचला. सेल महाग होते. ते अनेक दिवस पुरावेत म्हणून अशा रेडिओत काटकसरीची ‘क्लास बी’ पद्धतच सोयीची होती. तिच्यावाचून खिशातला रेडिओ घरोघर गेला नसता, हेही मान्य केले पाहिजे.

गोंधळ झाला तो पुढे. घरातील संगीताच्या मोठ्या यंत्रांतही तीच काटकसर शिरली. १९६० च्या दशकातील अनेक ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरांबद्दल ऐकणाऱ्यांची तक्रार अशी की, वॅट भरपूर आहेत, पण आवाज कोरडा आणि टोचरा वाटतो.

या पार्श्वभूमीवर जॉन लिन्सली हूड या ब्रिटिश अभियंत्याने एप्रिल १९६९ च्या ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात एक छोटा ॲम्प्लिफायर प्रसिद्ध केला. शक्ती अवघी १० वॅट, पद्धत शुद्ध ‘क्लास ए’ आणि प्रत्येक बाजूस केवळ चार ट्रान्झिस्टर. स्पीकरच्या रोधाप्रमाणे त्यांनी तीन कोष्टके दिली : ३ ओहमसाठी १७ व्होल्ट आणि २ अँपिअर, ८ ओहमसाठी २७ व्होल्ट आणि १.२ अँपिअर, १५ ओहमसाठी ३६ व्होल्ट आणि ०.९ अँपिअर. घरी बसून एखाद्याने सुट्या भागांतून बांधावा, हाच त्या लेखाचा हेतू होता. पुढे १९९६ मध्ये त्यांनी स्वतःच त्याची सुधारित मांडणी प्रसिद्ध केली. पन्नास वर्षे उलटून गेली तरी जगभरातील हौशी मंडळी तो नकाशा आजही बांधत आहेत.

या नकाशाची रचना समजण्यास सोपी आहे. पहिला ट्रान्झिस्टर ताळमेळ पाहतो. आत आलेला संकेत आणि बाहेर गेलेला आवाज यांची तो सतत तुलना करतो आणि फरक आढळताच दुरुस्तीची सूचना देतो. दुसरा त्या सूचनेच्या दोन परस्परविरुद्ध आज्ञा बनवितो. तिसरा आणि चौथा हे अंगमेहनतीचे : एकाचा प्रवाह वाढतो तेव्हा दुसऱ्याचा घटतो, परंतु दोघेही जागे राहतात. शेवटी एक मोठा कपॅसिटर स्पीकरकडे फक्त ध्वनी जाऊ देतो आणि बॅटरीचा स्थिर दाब अडवून धरतो.

मौनात तापणारे यंत्र

लिन्सली हूड यांचा १० वॅटचा नकाशा परभणीत जसाच्या तसा बांधावा काय? उत्तर हिशेब मांडून द्यावे लागेल. २७ व्होल्ट गुणिले १.२ अँपिअर म्हणजे ३२.४ वॅट. दोन्ही बाजू धरल्या तर सुमारे ६५ वॅट. ही शक्ती संगीत चालू असो वा नसो, अखंड खर्च होते आणि तिचा बहुतांश भाग उष्णता होऊन बाहेर पडतो. किंबहुना या पद्धतीचे एक वैचित्र्य असे की, यंत्र गप्प असते तेव्हाच ते सर्वाधिक तापते. मोठा आवाज सुरू झाला की शक्तीचा काही भाग स्पीकरकडे जातो आणि ट्रान्झिस्टरांना तेवढाच दिलासा मिळतो.

इंग्लंडच्या थंड खोलीत ही ऊब सुखाची वाटली असेल. परभणीचा मे महिना वेगळा. बाहेर पारा ४४-४५ अंशांवर गेलेला असतो आणि दुपारी गच्चीखालच्या खोलीत ४२ अंश ही काही नवलाची गोष्ट नसते. अशा वेळी ट्रान्झिस्टरची उष्णता हवेत सोडणारा पंखेदार ॲल्युमिनियमचा तुकडा, ज्याला हीटसिंक म्हणतात, तोच यंत्राचा खरा रक्षक ठरतो. हीटसिंकवर एक आकडा महत्त्वाचा असतो : एक वॅट उष्णतेमागे तो किती अंश तापतो. मध्यम आकाराचा २.५ अंशांचा हीटसिंक घेतला आणि त्यावर ३२.४ वॅट टाकले, तर तो खोलीपेक्षा ८१ अंशांनी अधिक तापेल. ४२ अंशांच्या खोलीत त्याचे तापमान १२३ अंश होईल. हे यंत्र राहिले नाही, तवा झाला.

येथे दोन मार्ग उरतात. एक, फार मोठे आणि महाग हीटसिंक आणावेत. दोन, आपल्याला खरोखर किती वॅट लागतात हे आधी ठरवावे. पहिला मार्ग पैशाचा आहे, दुसरा विचाराचा.

आता शक्ती एक वॅटवर आणू. ८ ओहमच्या स्पीकरला एक वॅट देण्यासाठी प्रवाहाचे शिखर अर्धा अँपिअर लागते आणि दाबाचे शिखर ४ व्होल्ट. म्हणजे १२ व्होल्टचा पुरवठा आणि ०.६ अँपिअरचा अखंड प्रवाह एवढ्यावर काम भागते. खर्च ७.२ वॅट. तोच २.५ अंशांचा हीटसिंक आता फक्त १८ अंशांनी तापेल : दिवाळीनंतरच्या २५ अंशांच्या खोलीत ४३ आणि मे महिन्याच्या ४२ अंशांत ६०. आतील सिलिकॉन याहून दहा-बारा अंशांनी अधिक गरम असेल, पण नेहमीच्या पॉवर ट्रान्झिस्टरची मर्यादा १५० अंश असल्यामुळे तो सुरक्षित राहतो. दोन्ही बाजूंचा मिळून खर्च साडेचौदा वॅटच्याही आत. रोज तीन तास ऐकले तरी महिन्याला सुमारे १.३ युनिट वीज. १० वॅटच्या मूळ नकाशाला याच हिशेबाने जवळजवळ ६ युनिट लागले असते.

किती आवाज पुरे?

‘एक वॅटमध्ये काय ऐकू येणार?’ हा प्रश्न स्वाभाविक आहे. बाजारातील खोक्यांवर शेकडो-हजारो वॅटचे आकडे छापलेले असतात. वस्तुस्थिती अशी की, साधारण प्रतीच्या घरगुती स्पीकरला एक वॅट दिला तर एक मीटर अंतरावर सुमारे ८८ डेसिबल आवाज होतो. माणसांचे नेहमीचे संभाषण ६० डेसिबलच्या आसपास असते. दहावा हिस्सा वॅट दिला तर ७८ डेसिबल, शतांश वॅट दिला तर ६८. म्हणजे सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपून कुटुंब दिवाणखान्यात बसले आहे, मंद भजन वा जुनी गाणी चालू आहेत, मंडळी मध्येच बोलतही आहेत, अशा वेळी स्पीकर वॅटचा एक लहानसा अंशच वापरीत असतो. संगीतातील अचानक येणाऱ्या मोठ्या ठोक्यांसाठी उरलेली शक्ती राखीव राहते.

उलट, आवाज कानाला दुप्पट वाटावा असे म्हटले तर शक्ती साधारण दहापट वाढवावी लागते. एक वॅटवरून शंभर वॅटवर गेले तरी आवाज जेमतेम चौपट भासतो. वॅटच्या शर्यतीत खर्च पटीने वाढतो आणि लाभ पायरीपायरीने, हे व्यापाऱ्याला सांगण्याची गरज नाही.

या संदर्भात देशाच्या ध्वनिप्रदूषण नियमांकडेही पाहता येईल. २००० साली झालेल्या या नियमांनुसार निवासी भागातील ध्वनीची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. लग्नाच्या वरातींत आणि मिरवणुकांत भिंतीसारखे रचलेले स्पीकर ज्यांच्या दारावरून गेले आहेत, त्यांच्या घरातील खिडक्यांच्या काचा आणि आजारी वृद्धांची छाती या मर्यादेचा अर्थ जाणतात. शक्ती जवळ असणे आणि ती सर्वच्या सर्व वापरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परिग्रहाचे परिमाण करण्याची ज्या घरांत परंपरा आहे, त्यांनी आवाजाचेही परिमाण करण्यास हरकत नसावी.

सामान कोठे मिळते

भारतात सुटे भाग मिळण्याचा इतिहास फार जुना नाही. बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स ही सरकारी कंपनी १९५४ मध्ये स्थापन झाली आणि पुढे तिने ट्रान्झिस्टर बनविण्यास आरंभ केला. दिल्लीची कॉन्टिनेन्टल डिव्हाइस १९६४ मध्ये उभी राहिली. तंत्रनिकेतनांतून शिकलेल्या कित्येक पिढ्यांना ‘एसएल-१००’ हे ट्रान्झिस्टरचे नाव पाढ्यासारखे पाठ होते.

परभणीकरांची सोय रेल्वेने केली आहे. मुंबई आणि सिकंदराबाद यांना जोडणारी देवगिरी एक्स्प्रेस परभणीतून जाते. तिच्या एका टोकाला मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे आजचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, आणि दुसऱ्या टोकाला हैदराबादच्या कोठी भागातील गुजराती गल्ली. दोन्ही इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांचे नामांकित बाजार. मुले पुण्याला शिकत असतील तर बुधवार पेठेतील तपकीर गल्ली त्यांना ठाऊक असते. कापड वा धान्याच्या खरेदीसाठी गेलेल्या माणसाच्या पिशवीत हे सामान सहज मावते.

यादी लहान आहे. प्रत्येक बाजूस दोन पॉवर ट्रान्झिस्टर, उदाहरणार्थ टिप-४१-सी; दोन लहान ट्रान्झिस्टर; डझनभर रोध; २२०० मायक्रोफॅरडचा एक आउटपुट कपॅसिटर आणि काही लहान कपॅसिटर; दोन प्रीसेट; एक हीटसिंक; अभ्रकाच्या चकत्या, पांढरी थर्मल पेस्ट आणि आवाज कमी-जास्त करण्याचे बटण. खरेदीत एक सावधगिरी हवी. लोकप्रिय पॉवर ट्रान्झिस्टरांची नक्कल बाजारात येते. वरचे छापील नाव खरे, आतील सिलिकॉनचा तुकडा मात्र लहान, असा प्रकार असतो. सोने पारखून घेणारा ग्राहक जी दुकाने निवडतो, तशीच दुकाने येथेही निवडावीत आणि दोन पैशांच्या स्वस्ताईला भुलू नये.

स्पीकर ८ ओहमचा हवा. जुन्या टीव्ही वा रेडिओतील स्पीकर वापरायचा असल्यास मल्टिमीटरने मोजावा. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर बहुधा ६ ते ७ ओहम दाखवितो.

बांधणीचा क्रम

पुरवठ्यासाठी घरातील २३० व्होल्टच्या विजेला हात लावण्याचे कारण नाही. नामांकित कंपनीचा तयार १२ व्होल्टचा ॲडॉप्टर घ्यावा. दोन्ही बाजूंना मिळून १.२ अँपिअर लागतात, म्हणून तो निदान २ अँपिअरचा असावा. त्याहून उत्तम म्हणजे यूपीएसमध्ये असते तशी १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची बॅटरी. बॅटरीवर विजेची घरघर मुळीच येत नाही आणि भारनियमनातही साधारण चार तास संगीत चालते. बॅटरीच्या धन टोकालगत २ अँपिअरचा फ्यूज लावणे मात्र अनिवार्य आहे. १२ व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून तिला निरुपद्रवी समजू नये. तिची दोन टोके चुकून जोडली गेली तर तार लाल होऊन भाजते.

प्रथम एकच बाजू बांधावी. १२ व्होल्टच्या पुरवठ्यासाठी मूळ नकाशातील प्रवाह ठरविणारे रोध बदलावे लागतात. ते गणित जाणकाराकडून तपासून घ्यावे. टिप-४१-सीची धातूची पाठ आतून एका टोकाशी जोडलेली असते, म्हणून ती हीटसिंकला थेट टेकू न देता मध्ये अभ्रकाची चकती आणि दोन्ही अंगांना पेस्टचा पातळ थर द्यावा. सोल्डरिंग खिडकीजवळ, खेळत्या हवेत करावे. त्याचा धूर श्वासात जाऊ नये आणि काम संपल्यावर हात स्वच्छ धुवावेत.

पहिल्यांदा वीज देताना स्पीकर जोडू नये. त्याच्या जागी ८.२ ओहम, ५ वॅटचा रोध लावावा. पुरवठ्याच्या वाटेत मोटारसायकलचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब जोडावा. जोडणीत मोठी चूक असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि ट्रान्झिस्टर वाचतात. बल्ब मंद राहिला तर तो काढून दोन मोजमापे घ्यावीत. दोन पॉवर ट्रान्झिस्टरांच्या मधल्या बिंदूवर पुरवठ्याच्या निम्मा म्हणजे ६ व्होल्ट दाब हवा आणि एकूण प्रवाह ०.६ अँपिअर. दोन्ही आकडे प्रीसेट हळूहळू फिरवून जुळवावेत. यंत्र अर्धा तास तापू द्यावे आणि पुन्हा मोजावे. उष्णतेने ट्रान्झिस्टरचा गुणाकार वाढतो, म्हणून प्रवाह थोडा सरकतोच. दुसऱ्यांदा जुळविलेला आकडा खरा मानावा. त्यानंतर एखादा जुना स्पीकर जोडून पाहावा आणि चांगला स्पीकर सर्वांत शेवटी.

पेटीला वर-खाली हवा खेळण्यासाठी छिद्रे हवीत. त्यांवर बारीक जाळी अवश्य लावावी. उबेच्या शोधात मुंग्या, झुरळे, पाली आत शिरतात. त्यांचा जीव जाऊ नये आणि यंत्रातही बिघाड होऊ नये, अशी दुहेरी रक्षा त्या जाळीने होते.

चातुर्मासात बांधणी, वैशाखात परीक्षा

पावसाळ्याचे दिवस या कामाला सोयीचे. प्रवास कमी असतो, संध्याकाळी घरात मंडळी असतात आणि हवाही सौम्य असते. मात्र चातुर्मासात बांधलेल्या यंत्राची परीक्षा वैशाखात होते. श्रावणात हाताला कोमट लागणारा हीटसिंक मे महिन्यात बोट टेकवू देत नाही. म्हणून एक छोटी वही ठेवावी. तारीख, खोलीचे तापमान, हीटसिंकचे तापमान, मधल्या बिंदूचा दाब आणि प्रवाह असे पाच रकाने आखावेत. महिन्यातून एकदा नोंद करावी. आकडे स्थिर असतील तर यंत्र निरोगी आहे. प्रवाह दर महिन्याला वाढत असेल तर दुरुस्ती वेळीच होते. इलेक्ट्रॉनिक्सच्या हौशी माणसांची अनेक यंत्रे केवळ नोंदी नसल्यामुळे जळतात. खतावणीची सवय असलेल्या घरात ही चूक होऊ नये.

पहिल्या प्रयत्नात यंत्र चालेलच असे नाही. एखादा रोध चुकीच्या जागी बसतो, एखादा सांधा कच्चा राहतो. अशा वेळी दोष शोधण्याची रीत ताळेबंदातील फरक शोधण्यासारखीच आहे : संपूर्ण वही पुन्हा लिहावयाची नाही, जेथपर्यंत आकडे जुळतात तेथपर्यंत जावे आणि पुढची एक ओळ तपासावी. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाने वा मुलीने हा शोध एकदा स्वतः घेतला की घरातील इतर बंद पेट्यांचेही भय कमी होते.

मोल कशाचे?

या विषयात अतिशयोक्ती फार होते. ‘क्लास ए’ या दोन शब्दांवर लाखांच्या किमती लावलेली यंत्रे विकली जातात. खरे सांगायचे तर, पाळी बदलण्याचा तो जुना दोष पुढे बहुतांशी दूर झाला. दोन्ही ट्रान्झिस्टरांना थोडासा प्रवाह देऊन अर्धवट जागे ठेवण्याची ‘क्लास एबी’ ही मधली पद्धत आज चांगल्या यंत्रांत सर्रास वापरतात. त्याहून नवी ‘क्लास डी’ पद्धत फारच थोडी उष्णता करते. चांगल्या रीतीने बनविलेल्या अशा यंत्रात आणि घरच्या एक वॅटच्या यंत्रात फरक ओळखणे पुष्कळांना अवघड जाईल. ज्याला समारंभासाठी सभागृह भरून टाकणारा आवाज हवा आहे, त्याने हा मार्ग धरूच नये.

मग घरी बांधण्याचे मोल कशात आहे? हे यंत्र उघडून दाखविता येते, प्रत्येक भागाचे काम सांगता येते आणि बिघडले तर ते बांधणाराच दुरुस्त करू शकतो. आज व्यापारी घरांतून रोज शेकडो बंद खोकी विकली जातात आणि आत काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. जी रेडिओ-दुरुस्तीची दुकाने एके काळी प्रत्येक पेठेत होती, ती एकामागून एक बंद होत गेली आणि त्यांच्याबरोबर एक व्यवहारज्ञानही निघून गेले. ते थोडेसे तरी घरात परत यावे, यासाठी एक वॅट ही योग्य सुरुवात आहे. येथे चूक झाली तर नुकसान दोन ट्रान्झिस्टरांचे होते आणि ते सोसवते.

हे यंत्र आणखी एक गोष्ट शिकविते. लहान स्वर शुद्ध ठेवायचा तर त्यासाठी सतत जागे राहावे लागते आणि त्या जागेपणाची किंमत मोजावी लागते. ती किंमत परवडावी म्हणून गरज मर्यादित ठेवावी लागते. शक्ती आटोक्यात ठेवली नसती तर परभणीच्या उन्हाळ्यात हा शुद्ध स्वर ऐकताच आला नसता.

मे महिन्याच्या रात्री वारा थोडा गार झाला की यंत्र सुरू करावे. अर्ध्या तासाने मधल्या बिंदूचा दाब पाहावा, वहीत आकडे लिहावेत आणि मग दिवे मंद करून तंबोऱ्याची एखादी ध्वनिमुद्रिका लावावी. तार विरत जाते, आणखी विरते आणि शेवटी नाद कोठे संपला हे सांगता येत नाही. ती पाच रकान्यांची वही दिवाळीच्या वहीपूजनात दुकानाच्या वह्यांशेजारी ठेवली, तर घरातील वडीलधाऱ्यांनी तिच्यावरही कुंकवाचे बोट उमटवावे.